नांदेड ते लातूर : अंतर कोणी मोजले?

मागच्या सत्रात बी. ए. द्वितीय वर्षाच्या वर्गात मी निजामी राजवटीतील दळणवळण शिकवीत होतो. मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, नांदेडहून लातूरला विमानाने किती वेळ लागतो?" वर्ग हसला. प्रश्न खोडसाळ होता, पण त्याने मोबाइलवर आधीच पाहून ठेवले होते. दोन शहरांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे 115 किलोमीटर. मी फळ्यावर गणित मांडले. आपल्याकडे छोट्या शहरांना जोडणारे पंख्याचे विमान तासाला साधारण 500 किलोमीटर वेगाने जाते. म्हणजे चौदा मिनिटे. चढण्या-उतरण्याचा वेळ धरला तर फार तर अर्धा तास. वर्ग पुन्हा हसला, कारण नांदेडहून लातूरला जाणारे नियमित प्रवासी विमान नाही, हे सर्वांना ठाऊक होते. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर या रस्त्याने हेच अंतर 140 किलोमीटरच्या आसपास भरते आणि एस. टी. त्याला तीन तासांहून अधिक घेते. रेल्वेने गेलात तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा पडून दोनशे किलोमीटरच्या वर जावे लागते.

एकाच दोन गावांमधील ही तीन अंतरे. घरी येऊन हे मी आजीला सांगितले. आजी आता नव्वदीकडे झुकली आहे. ती म्हणाली, "इमानाचं मला नको सांगू लेकरा. तुझा आजा अमदपूरला एका भाकरीत जायचा. वापस येताना भाकर नसायची."

भाकरीने मोजलेले हे चौथे अंतर आमच्या इतिहासाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की मराठवाड्याच्या दळणवळणाचा इतिहास लिहायचा तर आरंभ या चौथ्या अंतरापासून करावा लागतो. कारण बाकीची तीन अंतरे मोजली जाण्याआधी कित्येक शतके ते अंतर कोणी तरी पायांनी मोजत होते, आणि तो 'कोणी तरी' गावकुसाबाहेर राहत होता.

माझा आजा येसकर होता. गाव लोह्याच्या पुढे, अहमदपूरच्या बाजूला. नाव लिहीत नाही, कारण गावात अजून आमची माणसे नांदतात. येसकराची कामे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत : वेशीची राखण, पाटलाचे बोलावणे घरोघर पोचवणे, वसुलीचा पैका तालुक्याला नेताना सोबत चालणे, आल्या-गेल्या अंमलदाराचे ओझे पुढच्या गावच्या शिवेपर्यंत वाहणे, शिवेचा तंटा निघाला की साक्ष देणे. या कामांची यादी पुन्हा वाचून पाहा. यातले जवळजवळ प्रत्येक काम चालण्याचे आहे. गावगाड्यात बारा बलुतेदार होते. सुतार नेटावर बसे, कुंभार चाकावर. आमच्या वाट्याला वाट आली.

त्यातले सर्वांत कठीण काम म्हणजे मयतीचा सांगावा. गावात मोठ्या घरी कोणी मेले की लेकी-सुनांच्या गावी कळवायला महार धाडायचा. मातीला लेक पोचली पाहिजे, म्हणून घाई असे. आजा जेवत असला तर ताटावरून उठायचा. घोंगडी, घुंगरकाठी आणि असली तर एक भाकर. मधली गावे तो वेशीला वळसा घालून ओलांडी. ज्या गावी पोचायचे तिथे वाड्याच्या बाहेर उभे राहून ओरडून सांगायचे. आतून रडण्याचा आवाज आला की काम झाले. कोणी वरून भाकर टाकली तर टाकली. दुःखाच्या घरात ते भान राहीलच असे नाही. आजी म्हणते, आजाच्या टाचांना इतक्या भेगा होत्या की त्यात ती मेण वितळवून भरायची. पायात वहाण असली तरी गावातून जाताना ती हातात घ्यावी लागे.

या चाकरीच्या बदल्यात आमच्याकडे काय होते? लोकसमजुतीत एक उत्तर आहे : बेदरच्या बादशहाने महारांना दिलेले बावन्न हक्क. महाराच्या इमानावर प्रसन्न होऊन बादशहाने सनद दिली अशी ती आख्यायिका. अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते, त्यामुळे आमच्याकडे ती कथा घरच्यासारखी सांगितली जाई. लहानपणी मलाही तिचा अभिमान वाटे. पुढे त्या हक्कांची यादी पाहिली. मेलेल्या जनावराचे कातडे हा हक्क, मढ्यावरचे वस्त्र हा हक्क. ज्या मयतीसाठी दहा कोस चालायचे, त्या मयतीचे कापड हा मोबदला. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणले त्यामागचा संताप तेव्हा मला कळला. मात्र आमचा मुलूख निजामाचा. मुंबईचे बिल आमच्या शिवेच्या पलीकडे थांबत होते. इकडे गावगाडा आपल्याच गतीने चालत राहिला.

आता रेल्वेकडे येतो. गोदावरी खोऱ्यातून मनमाड ते सिकंदराबाद अशी मीटरगेज रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू झाली आणि नांदेड त्या मार्गावर आले. लातूरला रेल्वे आली ती दुसऱ्याच दिशेने. बार्शी लाइट रेल्वे ही एका इंग्रज कंपनीची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. 1897 साली ती बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत धावू लागली आणि 1911 साली लातूरला पोचली. तिचे तोंड पश्चिमेला, मुंबई इलाख्याकडे. पुढे 1930 च्या आसपास विकाराबादहून बीदरमार्गे परळीकडे रुंद रुळांची तिसरी रेल्वे गेली. तिच्यावरचे 'लातूर रोड' हे स्टेशन नावापुरते लातूरचे. ते चाकूरच्या बाजूला आहे. म्हणजे एवढ्याशा मुलखात तीन मापांचे रूळ होते. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चढू शकत नव्हता. नांदेडच्या माणसाला हैदराबाद जवळ होते, लातूरच्या व्यापाऱ्याला सोलापूर जवळ होते. नांदेड आणि लातूर मात्र एकमेकांना दूर होती. रेल्वे बांधणाऱ्यांना या दोन गावांतील माणसांनी एकमेकांकडे जावे असे वाटण्याचे कारणच नव्हते. त्यांना हवा होता कापूस, धान्य आणि राजधानी. नांदेडहून लोहामार्गे लातूर रोडला थेट रेल्वे हवी, ही मागणी पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली ती यामुळे.

तरीही मी रेल्वेला नावे ठेवणार नाही. तिकीट काढले की डब्यात बसता येत होते. अर्थात तिकीट जिथे संपते तिथून जुनी वाट सुरू होई. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलेला 1901 सालचा प्रसंग आठवा. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली चार मुले मसूर स्टेशनावर उतरतात. तोपर्यंत सर्व सुरळीत. मग त्यांची जात कळते आणि एकही गाडीवान त्यांना बसवून घ्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे असे ठरते. रात्रभर पाणी मिळत नाही. रेल्वेने किती मैल कापले आणि स्टेशनापासून किती उरले, हे दोन आकडे मांडून पाहिले तर उरलेले थोडेच भरतात. पण त्या लेकरांचा सगळा प्रवास त्या उरलेल्या तुकड्यात आहे.

लातूरच्या छोट्या गाडीच्याच वाटेवर कसबे तडवळे हे गाव आहे. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी तिथे महार-मांग वतनदारांची परिषद झाली आणि बाबासाहेब तिला आले. ज्या वतनाने आमच्या आजा-पणजाला पायी फिरवले, त्या वतनाबद्दल बोलायला निजामाच्या मुलखात माणसे जमली. माझा आजा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा पोरगा. तो गेला नव्हता. आजीच्या माहेरचे कोणी गेले होते म्हणतात, पण कसे गेले, किती दिवस लागले, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. हे प्रश्न आपण पंचवीस वर्षांपूर्वी विचारायला हवे होते. आम्ही इतिहासाचे शिक्षक दप्तरखान्यात बसलो आणि घरचे साक्षीदार एकेक करून गेले.

विमानाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. निजामाच्या सरकारने रेल्वेच्या जोडीला 1932 साली 27 मोटारी घेऊन बससेवा सुरू केली आणि 1945 साली टाटांच्या सहकार्याने डेक्कन एअरवेज ही विमान कंपनीही काढली. आमच्या मुलखावरून विमाने गेली ती मात्र वेगळ्या कामाची. 1948 साली सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामासाठी शस्त्रे आणीत असे आणि ती विमाने बीदर, वरंगळ अशा ठिकाणी उतरत. त्याच साली खाली जमिनीवर रझाकारांच्या धास्तीने माणसे सरहद्द ओलांडून पळत होती आणि सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर दुसरी माणसे दुसऱ्या दिशेने पळत होती. वरची वाट तासांची होती, खालची रात्रींची.

खालच्या वाटेची मला घरातून कळलेली हकिगत त्यानंतर तीस वर्षांची आहे. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर काय घडले ते या पानांच्या वाचकाला माहीत आहे. वस्त्या जळाल्या. 4 ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा खून झाला. आमच्या गावात काही घडण्याआधी आजाने निर्णय घेतला. माझे वडील तेव्हा आठवीत होते. ते सांगतात, त्या रात्री आजाने दिवा विझवायला सांगितला, आजीने पीठ तसेच परातीत ठेवले आणि नऊ माणसे निघाली. सडकेने जायचे नाही, कारण सडकेवरच्या गावांत काय चालले आहे ते कोणालाच ठाऊक नव्हते. पाऊस होता. हायब्रीड कमरेच्या वर आली होती.

नांदेड बारा-तेरा कोस. आजा पुढे. कंदील नाही, कोणाला विचारणे नाही. कोणत्या शिवेवर ओढा कुठे उथळ आहे, कोणत्या गावाला कोणत्या बाजूने वळसा घातला की कुत्री भुंकत नाहीत, कोणत्या बांधावरून गेले की वेस दिसत नाही, हे सर्व त्याला माहीत होते. वडिलांना त्याचे नवल वाटले. पुढे कधीतरी त्यांनी विचारले तेव्हा आजा म्हणाला, "सांगाव्याच्या वाटा हैत ह्या." दिवसा ते ज्वारीत बसून राहिले. दुसऱ्या रात्री चालून पहाटे नांदेडला पोचले. आजीचा भाऊ गिरणीत कामाला होता, लोक तिला तेव्हाही उस्मानशाही मिलच म्हणत. त्याच्या खोलीत ही नऊ माणसे राहिली. वडिलांची शाळा तिथेच सुटली. ते पुढे मुकादमाच्या हाताखाली राहिले, मग हातगाडी, मग भाजीचा गाडा. घरात पहिला पदवीधर मी.

या दोन रात्रींची नोंद सरकारी कागदात नसणार. कारण त्या गावात जाळपोळ झाली नाही, कोणी मेले नाही, फिर्याद नाही. अत्याचाराची नोंद होते, अत्याचाराच्या भीतीने कापलेल्या अंतराची होत नाही. 1978 च्या दिवसांत नांदेड, लातूर, उदगीर, परभणी या शहरांतील आमच्या वस्त्या कशा फुगल्या, हे कोणी तरी घरोघर जाऊन लिहिले पाहिजे. आजही ते शक्य आहे, पण फार दिवस राहिलेले नाहीत.

पुढे नामांतराचा लढा सोळा वर्षे चालला. नागपूरहून औरंगाबादपर्यंत लाँग मार्च निघाला; पुन्हा पायच. 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेड येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी ही महाविद्यालये तिकडे गेली. कारण काय? अंतर. औरंगाबाद दूर पडते. हे कारण खोटे नव्हते. मुखेडच्या, देगलूरच्या मुलाला एका गुणपत्रिकेसाठी औरंगाबाद गाठणे ही शिक्षाच होती आणि गरीब विद्यार्थ्यांत आमचीच मुले अधिक होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या कार्याबद्दलही माझ्या मनात आदर आहे. परंतु ज्या नांदेड जिल्ह्यात पोचिराम आणि गौतम गेले, त्या जिल्ह्यातील मुलाच्या पदवीवर ते नाव आठ महिन्यांतच येईनासे झाले, हीही वस्तुस्थिती आहे. माझ्या पदवीवर ते नाव नाही. 1950 साली बाबासाहेबांच्या संस्थेने औरंगाबादेत महाविद्यालय काढले तेव्हा आमच्या भागातून तिथे जाणाऱ्या मुलांना अंतर अडवू शकले नव्हते. गावातील राहणे त्यांना अधिक दूरचे वाटत होते.

म्हणून सत्ताधारी अंतराचे कारण केव्हा पुढे करतात, याकडे मी लक्ष ठेवून असतो. 2009 साली नांदेडला महसूल आयुक्तालय देण्याचा निर्णय झाला तेव्हा लातूर पेटले. दोन्ही बाजूंनी नकाशे निघाले, कोणते शहर कोणाला किती किलोमीटर याची कोष्टके छापून आली. दोन्ही शहरांनी राज्याला मुख्यमंत्री दिलेले. वाद मोठ्यांचा होता. त्या कोष्टकांत वस्तीपासून पोलीस ठाण्याचे अंतर कोणी मोजले नव्हते. 1982 साली लातूर जिल्हा होईपर्यंत अहमदपूरच्या माणसाचे जिल्ह्याचे ठिकाण उस्मानाबाद होते आणि 1956 पूर्वी बीदर. वस्तीवरच्या माणसाला दाद मागायची तर आधी मजुरी बुडवायची आणि मग तिकिटाचे पैसे उसने घ्यायचे. हे कायद्यालाही उशिरा का होईना पण समजले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या 1995 च्या नियमांत नियम 11 आहे. त्यानुसार पीडिताला, त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना आणि साक्षीदारांना सुनावणीसाठी व तपासासाठी जाण्या-येण्याचे रेल्वेचे किंवा बसचे भाडे आणि भत्ता मिळाला पाहिजे. कार्यकर्त्यांनी हा नियम पाठ करावा. माझ्या माहितीतल्या एका साक्षीदार बाईने सहा तारखांना स्वतःच्या पैशाने जिल्ह्याच्या गावी खेटे घातले. सातव्या तारखेला एका विद्यार्थ्याने तिच्यासाठी अर्ज लिहिला, तेव्हा तिला कळले की हे पैसे मागता येतात.

आणि आता खरेच विमान. गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी 2008 साली नांदेडचा विमानतळ नव्याने सजला. 27 एप्रिल 2017 रोजी उडान योजनेत नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा, आणि हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात बसेल अशी घोषणा. लातूरच्या धावपट्टीवर तर नियमित प्रवासी सेवा टिकलीच नाही. मी चेष्टा करीत नाही. आमच्यातला कोणी त्या विमानात बसला तर मला आनंदच आहे, आणि काही जण बसलेही आहेत. फक्त चप्पल हा शब्द ऐकला की मला वेशीजवळ वहाण हातात घेणारा माणूस दिसतो, याला माझा इलाज नाही.

मी स्वतः तासिका तत्त्वावर शिकवतो. आठवड्यातून चार दिवस एस. टी.ने याच रस्त्याने जातो. आता तो राष्ट्रीय महामार्ग 361 आहे, रुंद आणि गुळगुळीत. माळेगावच्या यात्रेच्या दिवसांत तेवढी गाडी अडते; घोडे, गाढवे, तमाशाच्या राहुट्या, आणि खिडकीतून येणारा भंडाऱ्याचा वास. लोह्याच्या पुढे एका ठिकाणी उजव्या हाताला एक पांदण फुटते. वडिलांनी एकदा बसमधून बोट दाखवले होते, म्हणून मला ती ठाऊक आहे.

त्या खोडसाळ विद्यार्थ्याला मी एक काम दिले. घरच्या जुन्या माणसाला विचारून ये, ते कुठपर्यंत आणि कशासाठी चालत जात. तो मांग समाजातला आहे, गाव अहमदपूर तालुक्यातले. तीन आठवडे आला नाही. मग एक वही घेऊन आला. चुलत आजोबाने सांगितलेली पणज्याची वाट त्याने लिहून आणली होती : एका खाली एक अकरा गावांची नावे, मधले ओढे, एक वडाचे झाड, आणि प्रत्येक नावापुढे त्याने स्वतःच्या मनाने एक रकाना आखला होता, 'पाणी'. अकरापैकी दोनच गावांपुढे त्यात खूण होती. मी विचारले, ही दोनच का? तो म्हणाला, "सर, तिथं आमचे सोयरे होते."